तारेतलं तांबं

जून १८८३मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या आणि कार्पेंटर मावशींच्या घरी, न्यू जर्सीतल्या रोझेल या गावी राहायला गेल्या. मराठी वाचकाला ही हकीकत तोंडपाठ आहे. रोझेलची दुसरी ओळख मात्र आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही. आनंदीबाई पोहोचल्या त्याच्या पाच महिने आधी, १९ जानेवारी १८८३ रोजी, थॉमस एडिसनने या गावात खांब रोवून, त्यांवरून तारा ओढून दिवे पेटवले होते. खांबांवरच्या तारांनी एडिसनचे दिवे लागलेलं हे पहिलं गाव. न्यूयॉर्कमध्ये त्याने रस्ते खोदून तारा जमिनीखाली पुरल्या होत्या. तिथे पैसेवालं गिऱ्हाईक दाटीवाटीने होतं, खोदाईचा खर्च भरून येत होता. लहान गावाला तो परवडणारा नव्हता, म्हणून खांब.

मार्च १८८६मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. त्याच महिन्यात मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन नावाच्या आडगावात विल्यम स्टॅन्ली या तरुण इंजिनिअरने गावच्या मुख्य रस्त्यावरची दुकानं उजळून दाखवली. प्रयोग साधाच वाटावा असा होता. पण त्याच्या तारांतली वीज एडिसनच्या विजेसारखी एकाच दिशेने वाहत नव्हती. ती सेकंदाला अनेकदा दिशा पालटत होती. एडिसनची डीसी, स्टॅन्लीची एसी. या दोन विजांवरून पुढची सहा-सात वर्षं अमेरिकेत जे रणकंदन झालं, त्याची हकीकत या पुस्तकात आहे.

हकीकत नवी नाही. सिनेमे निघाले, मुलांची पुस्तकं निघाली, आणि या सगळ्यांतून एक ठरीव गोष्ट तयार झाली: एडिसन नावाचा धूर्त व्यापारी, टेस्ला नावाचा भोळा ऋषी, व्यापाऱ्याने ऋषीला छळलं, पण अखेर सत्याचा जय झाला. आपल्याकडे टेस्लाविषयी जिव्हाळा वाटायला आणखी एक निमित्त आहे. फेब्रुवारी १८९६मधल्या एका पत्रात स्वामी विवेकानंदांनी लिहिलं आहे की, वेदान्तातल्या प्राण आणि आकाश या कल्पनांनी टेस्ला भारावून गेला आणि जडद्रव्य व ऊर्जा एकच असल्याचं गणिताने दाखवता येईल असं त्याला वाटतं. ते गणित त्याने कधी मांडलं नाही. जिव्हाळा मात्र राहिला. मलाही टेस्ला आवडतो. तरी ही गोष्ट जशी सांगितली जाते तशी घडलेली नाही, असं कागदपत्रं वाचल्यावर म्हणावं लागतं. एडिसनचा खरा प्रतिस्पर्धी टेस्ला नव्हताच. तो होता जॉर्ज वेस्टिंगहाउस. आणि दोघांच्या भांडणाच्या मुळाशी होतं तांबं.

एडिसनने नुसता दिवा शोधला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. विजेच्या दिव्यावर त्याच्या आधी आणि त्याच्या बरोबरीने अनेकांनी खटपट केली. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान तर इतका जवळ पोहोचला होता की शेवटी दोघांनी मिळून तिथे कंपनी काढली. एडिसनचं वेगळेपण असं की तो दिव्याचा विचार तारेच्या टोकाकडून नव्हे, कारखान्याकडून करत आला. दिव्यापर्यंत वीज पोचवायला तांब्याची तार लागणार. प्रवाह जितका जास्त तितकी तार जाड, आणि तार जाड म्हणजे खर्च भारी. मग कमी प्रवाहात भागेल असा दिवा हवा, म्हणजे त्यातला तंतू विजेला जास्त विरोध करणारा हवा. इतर लोक कमी विरोधाचे तंतू घेऊन बसले होते तेव्हा मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत जास्त विरोधाच्या तंतूचा पाठपुरावा चालला होता, तो तांब्याचा हिशेब करून. पुढे याच तांब्याने त्याला हरवलं. या कहाणीतला सगळ्यात बोचरा भाग मला हा वाटतो.

४ सप्टेंबर १८८२ रोजी मॅनहॅटनच्या पर्ल स्ट्रीटवरचं त्याचं वीजकेंद्र सुरू झालं. पहिल्या दिवशी पेटले ते सुमारे ४०० दिवे. सत्तावीस टनांची ‘जम्बो’ जनित्रं, वाफेची इंजिनं, जमिनीखालच्या तारा, फ्यूज, स्विच, आणि जस्ताच्या पट्ट्या तोलून किती वीज जळली ते सांगणारं रासायनिक मीटर, असा सगळा संसार त्याने आणि त्याच्या माणसांनी शून्यातून उभा केला. बाजारात असा काही माल मिळतच नव्हता. ज्या पैसेवाल्यांनी त्याला भांडवल पुरवलं, त्या जे. पी. मॉर्गनच्या वॉल स्ट्रीटवरच्या कचेरीतही दिवे त्याच दिवशी लागले. योगायोग म्हणजे त्याच वर्षी मुंबईत क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळून निघालं होतं. ती कंपनी वर्षभरात बुडाली आणि मंडईत गॅसचे दिवे परत आले. मुंबईत जे झालं ते न्यूयॉर्कमध्ये का झालं नाही, याचं उत्तर बरंचसं मॉर्गनच्या तिजोरीत आहे.

आता अडचण पाहा. एडिसनची वीज ११० व्होल्टची होती. एका मोहल्ल्याला पुरवायला अकरा हजार वॅट लागतात असं धरलं, तर ११० व्होल्टला १०० अँपिअर प्रवाह सोडावा लागतो. हाच दाब दहापट, म्हणजे ११०० व्होल्ट केला, तर १० अँपिअरमध्ये काम होतं. आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते; प्रवाह दहापट कमी झाला की त्याच तारेतली नासाडी शंभरपट कमी होते. त्यामुळे दाब वाढवावा हे शाळकरी पोरालाही कळावं. पण ११०० व्होल्ट घरात घेता येत नाहीत. वाटेत दाब चढवायचा आणि दाराशी उतरवायचा, यासाठी काही साधन हवं. डीसीला ते त्या काळी नव्हतं. म्हणून एडिसनचं केंद्र मैलभराच्या पलीकडे वीज पाठवू शकत नव्हतं. पाठवलीच तर तांब्याचाच खर्च दिवाळं काढणारा. दोनऐवजी तीन तारांची युक्ती काढून त्याने तांबं निम्म्याहून जास्त वाचवलं, तरी मूळ अडचण सुटली नाही. मोठ्या शहरात दर मैलावर एक धुरांडं, आणि विखुरलेल्या वस्तीला वीजच नाही, असा त्या पद्धतीचा अर्थ होत होता. त्यात १८८७च्या अखेरीला पॅरिसमधल्या एका सावकारी टोळीने जगातलं तांबं दाबून धरलं आणि भाव दुपटीच्या आसपास नेला. वीजयुद्धावरच्या पुस्तकांत ही गोष्ट तळटिपेत जाते. माझ्या पुस्तकात तिला अख्खं प्रकरण दिलं आहे.

दाब चढवण्या-उतरवण्याचं साधन म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आपल्या वीज मंडळाच्या भाषेत रोहित्र. त्याचा बाप कोण, यावरही कमी भांडणं झाली नाहीत. ल्यूसियाँ गोलार नावाच्या फ्रेंच माणसाने जॉन गिब्ज या इंग्रज भागीदाराबरोबर १८८४मध्ये इटलीतल्या तुरिनच्या प्रदर्शनात सुमारे ४० किलोमीटर अंतरावरच्या लांझोपर्यंत वीज नेऊन दाखवली. त्याच्या मांडणीत एक खोट होती: रोहित्रं एकामागे एक जोडलेली, त्यामुळे एक दिवा मालवला की बाकीच्यांवर परिणाम. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी ती समांतर जोडली, गाभा बंद केला आणि १८८५मध्ये आजच्या रोहित्राचं रूप दिलं. गोलारचं पेटंट इंग्लंडच्या कोर्टात टिकलं नाही. त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आणि नोव्हेंबर १८८८मध्ये पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. ज्यांना या इतिहासात छळलेला संशोधक शोधायचाच असेल त्यांनी टेस्लाच्या आधी गोलारकडे बघावं.

गोलारची रोहित्रं अमेरिकेत मागवली ती वेस्टिंगहाउसने. हा पिट्सबर्गचा कारखानदार. रेल्वेचा हवेचा ब्रेक काढून तेविसाव्या वर्षापासून पैसा कमावत आलेला. विजेत उतरण्याआधी त्याने नैसर्गिक वायूचा धंदा केला होता. खाणीकडून वायू जास्त दाबाने अरुंद नळातून आणायचा आणि गिऱ्हाइकाच्या जवळ नळ रुंद करत दाब उतरवायचा, हे त्याने करून पाहिलेलं होतं. त्यामुळे रोहित्राचं वर्णन वाचताक्षणी ही गोष्ट कशासाठी आहे ते त्याला समजलं. स्टॅन्लीने त्याच्याच पैशाने ग्रेट बॅरिंग्टनचा प्रयोग केला, आणि १८८६ संपायच्या आत बफेलो शहरात एसीचा धंदा सुरूही झाला. वेस्टिंगहाउस दुसऱ्यांच्या कल्पना विकत घ्यायचा, रोख मोजून. या व्यवहारीपणामुळेच बहुधा कथाकारांना तो नायक म्हणून पटत नाही.

एडिसन मूर्ख होता म्हणून डीसीला चिकटला, हेही खरं नाही. १८८७ साली एखाद्या शहाण्या माणसाने दोन्ही पद्धती तोलल्या असत्या तर त्याने डीसीच घेतली असती. डीसीवर चांगल्या मोटारी चालत. बॅटरीत ती साठवता येई. तिचं मीटर होतं. एसीला ना धड मोटर, ना मीटर. एका वर्षात हे पारडं फिरलं. १८८८मध्ये वेस्टिंगहाउसच्या शॅलेनबर्गरने एसीचं मीटर बनवलं, आणि १६ मे १८८८ला न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअरांच्या सभेत निकोला टेस्लाने आपली एसी मोटर मांडली.

टेस्ला या गोष्टीत येतो तो असा, अर्ध्या वाटेवर. १८८४मध्ये तो न्यूयॉर्कला आला, एडिसनच्या कारखान्यात सहा महिने राबला आणि सोडून गेला. पन्नास हजार डॉलरचं कबूल केलेलं बक्षीस एडिसनने थट्टेवारी नेलं, ही प्रसिद्ध कथा. टेस्लाने स्वतः आत्मचरित्रात लिहिलं आहे ते कारखान्याच्या मॅनेजरविषयी. त्याची मोटर मात्र अस्सल कल्पनेची. फिरतं चुंबकक्षेत्र तयार करायचं आणि त्यामागे लोखंडी गाभा ओढला जाऊ द्यायचा. ना ब्रश, ना ठिणग्या. तुरिनमध्ये गॅलिलिओ फेरारिसने हीच कल्पना स्वतंत्रपणे, टेस्लाच्या व्याख्यानाच्या दोन महिने आधी जाहीर केली होती. वेस्टिंगहाउसने सावधपणे दोघांशीही व्यवहार केला. पुढे वेस्टिंगहाउस अडचणीत आल्यावर टेस्लाने मैत्रीखातर रॉयल्टीचा करार टराटरा फाडला, हा प्रसंग १९४४च्या एका चरित्रातून आला. करारातली रॉयल्टी बुडाली यात शंका नाही, पण १८९७मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीने त्याची पेटंटं दोन लाख डॉलरहून जास्त रक्कम देऊन कायमची घेतली, हे त्या प्रसंगासोबत सांगितलं जात नाही.

आणि आता त्या भांडणाचा काळा भाग. मॅनहॅटनच्या रस्त्यांवर तेव्हा तारांचं जाळं होतं: तार, टेलिफोन, आगीची घंटा, आणि त्यांतच हजारो व्होल्टच्या आर्क दिव्यांच्या तारा. माणसं मरत होती, हे एडिसनच्या लोकांनी रचलेलं कुभांड नव्हतं. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स नावाचा लाइनमन भरदुपारच्या गर्दीच्या वेळी, शेकडो लोकांच्या देखत तारांच्या जाळ्यात अडकून जळाला. म्हणून एडिसनच्या भीतीला केवळ ढोंग म्हणायला मी तयार नाही. १८८६मध्येच त्याने सहकाऱ्याला खासगी पत्रात लिहिलं होतं की वेस्टिंगहाउस सहा महिन्यांत एखादं गिऱ्हाईक मारणार. खासगी पत्रात माणूस जाहिरात करत नाही.

पण खरी भीतीही विकायला काढता येते. हॅरल्ड ब्राउन नावाचा एक इंजिनिअर जून १८८८मध्ये वर्तमानपत्रातून एसीवर तुटून पडला. लवकरच एडिसनच्या प्रयोगशाळेचं दार त्याला उघडं झालं. ३० जुलैला कोलंबिया कॉलेजात, पाहुण्यांसमोर, त्याने एका कुत्र्याला डीसीचे धक्के दिले, हजार व्होल्टपर्यंत. ते जिवंत राहिलं. मग ३३० व्होल्ट एसी सोडली आणि ते मेलं. आधीच्या धक्क्यांनी ते अर्धमेलं झालेलं होतं, हे तिथल्या तिथे लोकांनी बोलून दाखवलं. डिसेंबरमध्ये एडिसनच्या प्रयोगशाळेत दोन वासरं आणि एक घोडा. ब्राउनने वेस्टिंगहाउसला द्वंद्वाचं आव्हानही दिलं: मी डीसी अंगावर घेतो, तुम्ही एसी घ्या, दाब वाढवत जाऊ. वेस्टिंगहाउसने ते मनावर घेतलं नाही.

न्यूयॉर्क राज्यात याच सुमाराला फाशीऐवजी विजेने देहदंड देण्याचा कायदा झाला. मूळ कल्पना बफेलोच्या आल्फ्रेड साउथविक नावाच्या दंतवैद्याची. त्याने एडिसनला मत विचारलं. एडिसन देहदंडाच्याच विरोधात होता. पहिल्यांदा त्याने नकार दिला. साउथविकने पुन्हा लिहिलं तेव्हा उत्तर आलं, की मारायचंच असेल तर एसीची यंत्रं वापरा, विशेषतः वेस्टिंगहाउसची. ही पत्रं वाचताना एडिसनविषयीची सहानुभूती आवरती घ्यावी लागते. पुढे तुरुंगांसाठी वेस्टिंगहाउसची जनित्रं मिळवायची कामगिरी ब्राउनकडे आली. वेस्टिंगहाउस ती विकणार नाही हे उघड, म्हणून थॉमसन-ह्यूस्टन या तिसऱ्या कंपनीच्या छुप्या मदतीने ती जुन्या बाजारातून जमवली. १८८९च्या ऑगस्टमध्ये ब्राउनच्या कचेरीतून चोरीला गेलेली पत्रं न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्राने छापली आणि कोण कोणाला पैसे पुरवतं ते चव्हाट्यावर आलं. थॉमसन-ह्यूस्टन स्वतः एसीची यंत्रं विकत होती, हे लक्षात घ्या. प्रतिस्पर्ध्याचं नाव देहदंडाच्या विजेच्या खुर्चीला चिकटावं, एवढंच तिला हवं होतं.

पहिला मान मिळाला विल्यम केम्लरला. हा बफेलोचा भाजीविक्या. दारूच्या नशेत सोबतच्या बाईला कुऱ्हाडीने मारलं होतं. विजेने मारणं ही क्रूर आणि विपरीत शिक्षा आहे, असा त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भाजीविक्याकडे एवढ्या नामांकित वकिलाचे पैसे कुठून आले, याची सगळीकडे चर्चा होती आणि बोट वेस्टिंगहाउसकडे होतं. त्याने इन्कार केला. सुनावणीत एडिसनने साक्ष दिली की मरण तत्काळ आणि वेदनारहित येईल. ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्नच्या तुरुंगात केम्लरला खुर्चीत बांधलं. पहिला धक्का १७ सेकंदांचा. मेला असं जाहीर झालं आणि लगेच लक्षात आलं की श्वास चालू आहे. जनित्राला पुन्हा वेग घ्यायला वेळ लागला. मग दुसरा, जास्त दाबाचा आणि बराच लांबलेला धक्का. खोलीत जळक्या मांसाचा वास भरला. कुऱ्हाड वापरली असती तर बरं झालं असतं, असा शेरा वेस्टिंगहाउसने मारल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. ज्या गुन्ह्यासाठी केम्लर मेला तो कुऱ्हाडीचाच होता, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात होतं की नव्हतं, देव जाणे.

जाता जाता: टॉप्सी नावाच्या हत्तिणीला एडिसनने एसी बदनाम करायला मारलं, ही गोष्ट वाचकाने डोक्यातून काढून टाकावी. ती कोनी आयलंडवर मेली जानेवारी १९०३मध्ये. तेव्हा हे युद्ध संपून दहा वर्षं झाली होती.

संपलं कसं, ते थोडक्यात सांगता येतं. युरोपने फारसा आरडाओरडा न करता उत्तर शोधलं: ऑगस्ट १८९१मध्ये जर्मनीत लाउफेनच्या धबधब्यावरची तीन फेजची वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोचली. अमेरिकेत १८९२मध्ये मॉर्गनने एडिसनची कंपनी थॉमसन-ह्यूस्टनशी जोडून जनरल इलेक्ट्रिक बनवली. नावातून एडिसन गेला, कारभारातूनही. म्हणजे एसीविरुद्धच्या मोहिमेला ज्याचं नाव होतं त्याची कंपनी एसी विकणाऱ्यांच्या हाती पडली. १८९३चं शिकागो प्रदर्शन उजळण्याचं कंत्राट कमी बोलीने वेस्टिंगहाउसला मिळालं ते या नव्या कंपनीला मागे टाकून. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेला विवेकानंद गेले होते. नायगारा धबधब्यावर वीज तयार करण्याच्या योजना तपासणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष लॉर्ड केल्विन. त्याचं मत अगदी शेवटपर्यंत डीसीकडे झुकलेलं. तरी कंत्राट वेस्टिंगहाउसला गेलं, आणि नोव्हेंबर १८९६मध्ये नायगाराची वीज बफेलोत पोचली. अमेरिकी इंजिनिअरांच्या संस्थेचं एडिसन पदक पुढे १९११ सालासाठी वेस्टिंगहाउसला, १९१२साठी स्टॅन्लीला आणि १९१६साठी टेस्लाला मिळालं. तिघांनीही ते घेतलं.

डीसी मात्र मेली नाही, आणि या भागाबद्दल मराठी वाचकाला घरबसल्या पुरावा आहे. १९१५मध्ये टाटांनी घाटाखालच्या खोपोलीतून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली ती एसी. पण ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदरहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी सुटली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि मध्य रेल्वेच्या लोकलमधून डीसी पुरती हटायला २०१६ उजाडलं. मॅनहॅटनमध्ये एडिसनच्या वारस कंपनीने डीसीचा शेवटचा जोड तोडला तो २००७मध्ये. आणि १९९९पासून चंद्रपूरची वीज मुंबईजवळच्या पडघ्याला ७५२ किलोमीटर येते, ती पाच लाख व्होल्ट डीसीच्या वाहिनीवरून. कारण आता डीसीचा दाब चढवण्या-उतरवण्याची साधनं आली आहेत, आणि अंतर इतकं वाढलं की तारेच्या हिशेबात डीसीच स्वस्त पडते.

पुस्तकाची मांडणी सालवारीने नाही. घाई असलेला वाचक केम्लरच्या प्रकरणाकडे आधी वळेल हे मला ठाऊक आहे, आणि त्याला अडवणारा मी कोण. एवढीच विनंती, की त्याच्या आधीचं तांब्याच्या भावाचं प्रकरण वाचून मग खुर्चीकडे यावं. त्यात आकडे आहेत, पण ते पानभरच आहेत.